निवासी डॉक्टर कुठे घडतो?



परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. पंचवीस वर्षांनी, ९ ऑक्टोबर २०२४ रोजी, राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे एकाच कार्यक्रमात उद्घाटन झाले आणि त्या यादीत हिंगोलीचे नाव होते. एमबीबीएसच्या १०० जागा मिळाल्या. २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांची वस्ती असलेला हा जिल्हा. सेनगाव असो, कळमनुरी असो की औंढा, दुखणे हाताबाहेर गेले की ‘नांदेडला न्या’ हेच इथे वर्षानुवर्षे ऐकू येते. अशा ठिकाणी महाविद्यालय येणे ही लहान गोष्ट नाही. पण महाविद्यालय आले म्हणून दवाखाना आपोआप सुधारत नाही. शिकवणाऱ्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णाला पहिला हात लावतो तो प्राध्यापक नसतो, आणि एमबीबीएसचा विद्यार्थी तर नसतोच. तो एमडी-एमएसच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर असतो, ज्याला आपण सगळे ‘रेसिडेंट’ म्हणतो. हिंगोलीच्या महाविद्यालयात आज ना उद्या पदव्युत्तर जागा येतील. रेसिडेंटला तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवण्याचा नियम तर देशभर आधीच लागू आहे. म्हणून आजचा प्रश्न असा, की चांगला रेसिडेंट मिळवायचा कसा: नीट पारखून निवडायचा, की निवडून आलेल्याला नीट घडवायचा? दोन्ही हवे, असे उत्तर तोंडावर येते आणि ते चुकीचे नाही. मात्र आपली ताकद, आपले मोर्चे, आपले कोर्टखटले यांतला बहुतेक भाग पहिल्या अर्ध्यावर खर्च होतो. संशोधन काय सांगते हे पाहिले तर तो दुसऱ्या अर्ध्यावर व्हायला हवा होता, असे माझे म्हणणे आहे.

निवडीची आजची यंत्रणा सर्वांना माहीत आहे. ‘नीट-पीजी’ नावाची एक परीक्षा, साडेतीन तास, २०० बहुपर्यायी प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला उणे एक. उमेदवार दोन लाखांहून अधिक. जरा साधे गणित करा. मिळू शकणारे गुण उणे २०० ते ८०० या पट्ट्यातले. म्हणजे प्रत्येक गुणावर सरासरी दोनशे उमेदवार बसतात, आणि मधल्या गर्दीत याच्या कितीतरी पट. एक प्रश्न चुकला की पाच गुणांचा फरक आणि क्रमवारीत हजारोंची घसरण. तेवढ्यावर एकाला मेडिसिन मिळते, दुसऱ्याला पॅथॉलॉजी. एकाला पुणे, दुसऱ्याला अंबाजोगाई. परीक्षा एका पाळीत घ्यायची की दोन, यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२५ ची परीक्षा एका पाळीत झाली. इतक्या बारीक फरकावर आयुष्य ठरत असेल तर पाळ्यांवरून भांडण होणारच, त्यात मुलांचा दोष नाही. पण त्याच यंत्रणेने सप्टेंबर २०२३ मध्ये जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणली आणि उणे गुण मिळवलेलेही प्रवेशाच्या रांगेत आले. वरच्या टोकाला एका गुणाला सोन्याचा भाव आणि खालच्या टोकाला गुणांना किंमतच नाही. मापदंड एकच असेल तर या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

परीक्षेतल्या गुणांवरून पुढच्या डॉक्टरबद्दल काय कळते, यावर बरेच काम झाले आहे. रेसिडेंट निवडीच्या पद्धती आणि पुढची कामगिरी यांचा मेळ घालणारे ८० अभ्यासांचे एक एकत्रित विश्लेषण २०१३ मध्ये ‘मेडिकल एज्युकेशन’ या नियतकालिकात आले. लेखी परीक्षेतले गुण पुढच्या लेखी परीक्षेतल्या गुणांचा चांगला अंदाज देतात. वरिष्ठांनी वॉर्डात पाहून केलेल्या मूल्यमापनाशी मात्र त्यांचे नाते बरेच सैल असते, असे त्यात दिसले. मुलाखत आणि शिफारसपत्रे यांचा अंदाज तर त्याहून कच्चा निघाला. याचा अर्थ परीक्षा निरुपयोगी, असा काढू नये. परदेशात शिकून अमेरिकेत गेलेल्या डॉक्टरांवर नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये केलेला अभ्यास उलट बाजू दाखवतो: परवाना परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्यात ज्यांचे गुण जास्त, त्यांच्या रुग्णालयातल्या रुग्णांचे मृत्यू थोडे कमी. ज्ञान लागतेच. ज्याला काही येत नाही त्याला वॉर्डात कितीही ठेवा, धोका राहतो. कॅनडातल्या टॅम्ब्लिन यांच्या २००७ च्या अभ्यासाने आणखी एक धागा जोडला. तिथल्या परवाना परीक्षेत प्रत्यक्ष रुग्णाशी बोलून दाखवण्याचा भाग असतो. त्यात जे कमी पडले, त्यांच्याविरुद्ध पुढच्या वर्षांत वैद्यक परिषदेकडे तक्रारी जास्त आल्या. आपल्या २०० प्रश्नांत रुग्णाशी बोलणे कुठेच नाही.

निवडीवरचा आपला विश्वास किती फाजील असू शकतो, हे टेक्सासमध्ये घडलेल्या एका प्रकारावरून ध्यानात येते. तो रेसिडेंटचा नाही, वैद्यकीय शाळेच्या प्रवेशाचा आहे, पण इथे लागू पडतो. १९७९ मध्ये ह्यूस्टनच्या वैद्यकीय शाळेला विधिमंडळाने ऐनवेळी ५० जागा वाढवायला लावल्या. तोवर मुलाखतींतून वरचे विद्यार्थी निवडून झाले होते आणि खालच्या क्रमांकाचे आधी नाकारलेले विद्यार्थी घ्यावे लागले. पुढची वर्षे दोन्ही गटांची तुलना झाली. शिक्षण अर्धवट सोडणे, गुण, पुढची कामगिरी यांत सांगण्यासारखा फरक सापडला नाही. म्हणजे मुलाखत मंडळाने तासन्‌तास बसून ठेवलेला क्रम पुढे फारसा कामी आला नाही. या एका घटनेवर सगळा डोलारा उभा करता येणार नाही. दोन्ही गट आधीच गाळून आलेल्या हुशारांचे होते, हे विसरायचे नाही. तरी तळाची चाळण पार केलेल्यांमध्ये आणखी बारीक भेद करत बसण्यातून फार काही हाती लागत नाही, इतके त्यातून घेता येते.

इथे कोणी विचारील, मग परीक्षा काढून टाकून मुलाखती सुरू करा, असे सांगायचे आहे का? मुळीच नाही. जगात मुलाखतीचे बरे प्रकार निघाले आहेत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २००४ च्या सुमारास लहान-लहान अनेक मुलाखतींची साखळी सुरू केली, त्यात एका परीक्षकाची मर्जी चालत नाही. ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिसच्या प्रशिक्षणार्थींसाठी प्रसंग देऊन निर्णय विचारणाऱ्या चाचण्या वापरल्या गेल्या. ठरावीक प्रश्नांची, ठरावीक गुणांकनाची मुलाखत ऐसपैस गप्पांच्या मुलाखतीपेक्षा बरी ठरते, हे वारंवार दिसले आहे. पण आपल्याकडे मुलाखतीचा दरवाजा उघडला की त्यातून आधी कोण आत शिरेल, हे या सभागृहात सांगायला नको. वशिला, आडनाव, ‘आमच्या साहेबांचा माणूस’, आणि जात. दोन लाखांतल्या एखाद्या सेनगावच्या मुलीला आज एवढी तरी खात्री आहे की संगणकाला तिचे गाव माहीत नाही. ही खात्री काढून घेण्याइतका मुलाखतीचा फायदा मोठा नाही. म्हणून परीक्षा राहू द्या. तळाची पातळी खरोखर तळाची असू द्या, शून्याखाली नको. आणि तिच्याकडून जे होत नाही त्याची अपेक्षा तिच्याकडून करू नका.

महाराष्ट्रातच याचे एक बोलके उदाहरण आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ मध्ये सुरू झाले. वैज्ञानिक विषयांबरोबर गांधीविचारांवरची प्रश्नपत्रिका हे त्यांच्या प्रवेशपरीक्षेचे वैशिष्ट्य होते. ‘नीट’ आल्यावर ती स्वतंत्र परीक्षा संपली आणि अनेकांना हळहळ वाटली. ती हळहळ मला समजते. पण गांधीविचारांचा पेपर चांगला सोडवणारा खेड्यात राहीलच, याचा पुरावा काय? त्या पेपरचीही शिकवणी लागू शकते. त्या संस्थेची खरी ताकद दुसरीकडे होती: शिकत असताना विद्यार्थ्यांना गावात नेऊन ठेवणे, आणि पदव्युत्तर प्रवेशाआधी ग्रामीण सेवेची अट. म्हणजे घडवण्याच्या बाजूचा भाग.

आता त्या बाजूला येतो. या विषयावरचा मला सर्वांत वजनदार वाटणारा अभ्यास २००९ मध्ये अ‍ॅश आणि सहकाऱ्यांनी ‘जामा’मध्ये प्रसिद्ध केला. फ्लोरिडा आणि न्यूयॉर्क या दोन राज्यांतली १९९२ ते २००७ मधली सुमारे ४९ लाख बाळंतपणे त्यांनी घेतली. ती करणारे चार हजारांवर प्रसूतितज्ज्ञ, आणि ते ज्या १०७ ठिकाणी रेसिडेंट म्हणून शिकले ती ठिकाणे. प्रश्न असा होता: डॉक्टर कुठे शिकला यावरून, तो शिकून बाहेर पडल्यानंतर, स्वतंत्रपणे काम करताना, त्याच्या हातच्या बाळंतिणींना होणारी गुंतागुंत सांगता येते का? येते. सर्वांत खालच्या पाचव्या हिश्श्यातल्या ठिकाणी शिकलेल्यांच्या रुग्णांत मोठ्या गुंतागुंतीचे प्रमाण १३.६ टक्के, सर्वांत वरच्या हिश्श्यात १०.३ टक्के. जवळजवळ एक-तृतीयांश जास्त. यावर शंका घेणारा म्हणेल, की चांगल्या ठिकाणी हुशार मुलेच जातात, मग फरक ठिकाणाचा कसला, तो मुलांचाच. संशोधकांनी हीच शंका गृहीत धरून डॉक्टरांचे परवाना परीक्षेतले गुण हिशेबात घेतले. ठिकाणांच्या क्रमवारीत फारसा बदल झाला नाही. गुण बाजूला काढल्यावरही शिकण्याची जागा उरली. ही शंका शंभर टक्के मिटली असे मी म्हणणार नाही. परीक्षेत न दिसणारे गुण घेऊन कोणी चांगल्या ठिकाणी गेले असू शकते. पण गुणांच्या आधारावर आपण आयुष्यांचे वाटप करतो, आणि त्याच गुणांनी हा फरक समजावता येत नाही, हे कबूल करावेच लागते.

शस्त्रक्रियेत हात महत्त्वाचा, हे सर्वांना माहीत असते. तो मोजता येतो का, हे बर्कमायर यांनी २०१३ मध्ये मिशिगनमध्ये पाहिले. लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जनांनी आपापली एक चित्रफीत दिली आणि इतर सर्जनांनी नाव न कळता ती पाहून गुण दिले. खालच्या चौथाईतल्या सर्जनांच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के, वरच्या चौथाईत ५.२. हे सगळे पूर्ण शिकलेले, मान्यता मिळालेले, परीक्षा पास झालेले सर्जन होते. त्यांच्यातला फरक कुठल्याही प्रश्नपत्रिकेत दिसला नसता. बरोबरीच्या माणसाने शेजारी बसून पाहिले, तेव्हा तो दिसला. सवयीही अशाच चिकटतात. चेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले, की जिथे रुग्णावर भरमसाट खर्च होतो अशा भागात शिकलेले डॉक्टर पुढे वेगळ्या ठिकाणी गेले तरी बरीच वर्षे जास्त खर्च करत राहतात. उगाच तपासण्या लिहिण्याचे वळणही रेसिडेन्सीतच लागते.

हे सगळे अमेरिकेचे आहे, आपल्या सिव्हिल हॉस्पिटलशी त्याचा काय संबंध, असे म्हणाल तर इथल्याच वॉर्डातली एक गोष्ट जवळून पाहू. पेरणी-काढणीच्या दिवसांत सर्पदंशाचा रुग्ण येतो. विष रक्तावर काम करणारे आहे का, हे ठरवायला वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करतात. शिरेतून दोन मिलीलिटर रक्त काढायचे, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग एकदा तिरके करून पाहायचे. रक्त पातळच राहिले तर प्रतिविष. नीट-पीजी उत्तीर्ण झालेल्या कोणत्याही मुलाला ही चाचणी विचारा, तो बरोबर पर्याय निवडील. पण रात्री वॉर्डात नळी काचेची आहे की प्लास्टिकची? ती साबणाच्या पाण्याने धुतलेली आहे का? कारण प्लास्टिकच्या किंवा डिटर्जंटने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचेही रक्त नीट गोठत नाही आणि चाचणी खोटी सांगते. घाईत असलेला नातेवाईक ‘काय झालं’ म्हणून ती नळी उचलून बघतो का? वीस मिनिटे घड्याळाची की अंदाजाची? आणि चाचणी विषारी म्हणाली तर पुढे किती प्रतिविष, किती तासांनी पुन्हा चाचणी, प्रतिविषाची उलटी प्रतिक्रिया आली तर अ‍ॅड्रेनॅलीन हाताशी आहे का? हे ज्ञान पुस्तकात एका ओळीत आहे. वॉर्डात ते तेव्हाच येते जेव्हा वरिष्ठ एकदा शेजारी उभा राहून म्हणतो, ‘ही नळी बदल.’ कीटकनाशकाच्या विषबाधेत अ‍ॅट्रोपिन वाढवत नेताना छातीतला आवाज, नाडी, बुबुळे पाहत बसणे हेही तसेच. हिंगोलीच्या डॉक्टरला हे यायलाच हवे. कुठल्या क्रमांकाने आला, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या डोक्यातही नसतो.

मग आपल्याकडे घडवण्याची व्यवस्था काय आहे? नियम बरे आहेत, हे आधी मान्य करू. सप्टेंबर २०२० मध्ये जिल्हा निवासी कार्यक्रम अधिसूचित झाला. एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करायचे, आणि ते समाधानकारक पूर्ण झाल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. आधी त्यासाठी १०० खाटांच्या रुग्णालयाची अट होती, २०२३ च्या नियमांत ती ५० वर आली. त्यामुळे तालुक्याची मोठी सरकारी रुग्णालयेही या चौकटीत बसू शकतात. कल्पना उत्तम आहे. मोठ्या शहरातल्या रेसिडेंटला मागे चार विभाग, रक्तपेढी आणि सीटी स्कॅन असते. इथे त्याला कमी साधनांत निर्णय घ्यायला शिकता येते. पण ज्या विषयाचा तज्ज्ञच जिल्हा रुग्णालयात नसेल, त्या विषयाचा रेसिडेंट इथे कोणाकडून शिकणार? सरकारी रुग्णालयांतली तज्ज्ञांची रिक्त पदे ही काही गुपित गोष्ट नाही. अशा वेळी तीन महिन्यांचा तो पाहुणा शिकणारा राहत नाही, रिकाम्या खुर्चीवर बसवलेला माणूस होतो. त्याने ओपीडी काढली, रात्रीचे कॉल घेतले, सिझर केले, म्हणून रुग्णालय खूश. त्याला मुक्काम आणि प्रमाणपत्र मिळाले म्हणून तो खूश. कोणी त्याचे काम पाहिले का, हे विचारणारे कोणी नाही. लॉगबुक नावाची चीज आहे, पण परीक्षेच्या तोंडावर एका आठवड्यात भरलेली लॉगबुके कोणत्याही महाविद्यालयात सापडतील. त्यातून संख्या कळते, हात कळत नाही.

इथे प्रशासनाचा आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. रेसिडेंट हा सरकारी रुग्णालयांचा कणा आहे. त्याला ‘शिकणारा’ म्हणून बाजूला काढले तर वॉर्ड कोण चालवणार? नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके होती, तेव्हा देशभर चर्चा झाली. त्या रुग्णालयावर हिंगोली, परभणी, यवतमाळपासून तेलंगणच्या सीमेपर्यंतचा भार आहे, हेही त्या वेळी पुढे आले. एवढ्या भाराखाली शिकवणे ही चैन वाटू शकते. पण रेसिडेंटची सेवा आणि त्याचे शिक्षण हे एकमेकांच्या ताटातले घास नाहीत. वरिष्ठाने पाहिलेले काम रुग्णासाठी सुरक्षित असते आणि शिकणाऱ्यासाठी धडा असतो. एकाच वेळेत दोन्ही होतात, फक्त वरिष्ठ हवा. जानेवारी २०२३ मध्ये राज्यातल्या निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ संघटनेने संप केला, तेव्हा वसतिगृहांबरोबर वरिष्ठ निवासी डॉक्टरांच्या पदांची मागणी होती. आपण ती बातमी ‘डॉक्टरांचा संप, रुग्णांचे हाल’ म्हणून वाचली. मधल्या फळीचा वरिष्ठ नसेल तर फर्स्ट इयरचा मुलगा रात्री कोणाला फोन करणार, हा प्रश्न त्या मागणीत होता.

कामाच्या तासांवरही हाच गोंधळ आहे. १९९२ च्या केंद्रीय निर्देशांत रेसिडेंटला आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून अधिक काम सहसा नसावे, असे लिहिले होते. २०२३ च्या नियमांत ‘वाजवी तास’ एवढेच उरले. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कार्यगटाने २०२४ मध्ये ७४ तासांची मर्यादा सुचवली. जुने प्राध्यापक म्हणतात, आम्ही ३६-३६ तास उभे राहिलो म्हणून शिकलो. तास कापले तर अनुभव कापला जाईल. या म्हणण्याला आधार म्हणून अमेरिकेतला २०१६ चा ‘फर्स्ट’ प्रयोग पुढे करतात. ११७ सर्जरी कार्यक्रम, एक लाख ३८ हजारांवर रुग्ण. ड्युटीच्या पाळ्या सैल ठेवल्या काय आणि कडक ठेवल्या काय, मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत ९.१ विरुद्ध ९ टक्के. फरक नाही. पण हा दाखला देणारे एक वाक्य गाळतात. दोन्ही गटांना आठवड्याला ८० तासांची मर्यादा होतीच. आपल्याकडची बेबंद ड्युटी त्या प्रयोगात कुठेच नव्हती. उलट २००४ मध्ये बॉस्टनच्या अतिदक्षता विभागात लँड्रिगन यांनी दाखवले होते, की जुन्या लांब पाळ्यांत इंटर्नकडून गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त झाल्या. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की अर्थ लागतो. नुसते तास कमी केल्याने डॉक्टर चांगला होत नाही, आणि नुसते तास वाढवल्यानेही होत नाही. थकलेला हात चुकतो, आणि न पाहिलेला हात तीच चूक पुन्हा करतो. त्यातली पहिली गोष्ट वेळापत्रकाने सुधारते, दुसरी माणसाने.

आणखी एक आक्षेप शहरांतून येतो आणि थोडा उद्धटपणे येतो: हिंगोलीसारख्या ठिकाणी पीजी शिकवण्याची पात्रता कुठे आहे? जागांच्या हव्यासापोटी दर्जा खाली जाईल. या भीतीत तथ्य आहे आणि ती कोणाचा स्वाभिमान दुखावला म्हणून झटकू नये. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२५ च्या नियमांनी २२० हून अधिक खाटांच्या सरकारी रुग्णालयातल्या, पदव्युत्तर पदवी आणि दहा वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला सहयोगी प्राध्यापक होण्याची वाट मोकळी केली. इथल्यासारख्या जिल्ह्यांना याचा फायदा होणार. पण दहा वर्षे उत्तम सिझर करणारा माणूस सिझर शिकवू शकतोच असे नाही. स्वतः करून टाकण्याची सवय असलेल्याला हात आवरून दुसऱ्याला करू देणे अवघड जाते. नियम त्यांना शिकवण्याचा छोटा अभ्यासक्रमही सक्तीचा करतो. तो कागदावर उरकायचा की खरोखर करायचा, एवढ्यावर इथल्या पदव्युत्तर शिक्षणाची किंमत ठरेल. मात्र ‘लहान जिल्ह्यात शिकता येत नाही’ हे मूळ गृहीतक मी मान्य करत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचूदंशाने हृदयावर काय होते, हे त्यांनी रुग्णाच्या खाटेजवळ बसून टिपले. पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवला, तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि विंचूदंशाचे मृत्यू कमी झाले. हे काम मोठ्या विभागात झाले नसते, कारण विंचू चावलेले तिथे येईपर्यंत दगावत. हिंगोलीत सर्पदंश आहे, कीटकनाशक आहे, बाळंतिणींचा रक्तक्षय आहे. प्रत्येक रेसिडेंटला थिसिस लिहावा लागतोच. जुन्याच विषयावर शहर बदलून लिहिलेला थिसिस कपाटात जाण्यापेक्षा इथल्या पाच तालुक्यांतले प्रश्न पाच वर्षे सलग मोजले गेले, तर त्यातून काही तरी उभे राहील.

शेवटचा आणि सर्वांत जिव्हारी लागणारा आक्षेप तुम्हा सर्वांच्या मनात आहे: आपण घडवणार आणि ते पुण्या-मुंबईला जाणार. मराठवाड्याने निवडीच्या वाटेने याचे उत्तर शोधून पाहिले आहे. वैद्यकीय प्रवेशातले ७०:३० चे प्रादेशिक सूत्र आपल्या मुलांवर अन्याय करते म्हणून आपण भांडलो आणि सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झाले. पदव्युत्तर पातळीवर तर आता रहिवासाच्या आधारे आरक्षण घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी स्पष्ट केले. म्हणजे ‘आमच्याच जिल्ह्याचा मुलगा घ्या’ ही वाट बंद. जपानने १९७२ मध्ये जिची वैद्यकीय विद्यापीठ काढून प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुले घेतली आणि शिक्षणाच्या मोबदल्यात त्याच प्रांतात नऊ वर्षे सेवा बांधून घेतली; ते आपल्या कायद्यात जसेच्या तसे बसणार नाही. एक वाट मात्र उघडी आहे. सरकारी सेवेतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी पदव्युत्तर जागा राखण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२० च्या निकालात मान्य केला. कुठल्या तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षे काढलेली डॉक्टर पुन्हा त्याच जिल्ह्यात तज्ज्ञ म्हणून येण्याची शक्यता कोऱ्या क्रमांकावर आलेल्यापेक्षा जास्त. मी इतका वेळ निवडीला कमी लेखत आलो, पण इथे निवड काही काम करते, हे मान्य. ग्रामीण पार्श्वभूमीचे डॉक्टर ग्रामीण भागात टिकण्याचा पुरावा जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या शिफारशींत ठेवला आहे. मात्र त्याच शिफारशींत ग्रामीण भागात प्रशिक्षण देणे हीसुद्धा शिफारस आहे, आणि ती पहिली गोष्ट टिकवणारी आहे.

सक्तीच्या सेवेच्या बाँडने डॉक्टर इथे थांबेल, असे सरकारला वाटते. महाराष्ट्रात एमबीबीएसनंतर आणि पदव्युत्तर शिक्षणानंतरही वर्षभराची सेवा बांधलेली असते. बाँडने माणूस वर्षभर येतो आणि त्या वर्षात दिवस मोजतो. राहणे ठरते ते वेगळ्या गोष्टींवर: भूल देणारा डॉक्टर रात्री मिळेल का, रक्त मिळेल का, चूक झाली तर पाठीशी कोणी आहे का, मुलांची शाळा कशी आहे. यातल्या निम्म्या गोष्टी प्रशिक्षणाच्या व्यवस्थेत येतात. ज्या रुग्णालयात रेसिडेंटला शिकवायला वरिष्ठ आहे, तिथे नव्या तज्ज्ञालाही आधार असतो.

म्हणून पुढच्या काही वर्षांत हिंगोलीकरांनी आपल्या महाविद्यालयाकडे जागांचा आकडा मागताना दुसरा एक आकडाही मागावा. प्रसूतिकक्षात गेल्या वर्षी किती सिझर झाली, त्यांतली किती रेसिडेंटने केली, त्या वेळी वरिष्ठ टेबलाजवळ होता की फोनवर, आणि किती बायकांना नंतर रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग झाला. सर्पदंशाचे किती रुग्ण आले, किती नांदेडला पाठवले, पाठवण्यापूर्वी वीस मिनिटांची चाचणी झाली होती का. कुठल्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत यातले बरेचसे असते, फक्त ते कोणी एकत्र मांडत नाही. अ‍ॅश यांनी दोन राज्यांची ४९ लाख बाळंतपणे मांडली. हिंगोलीची काही हजार बाळंतपणे दरवर्षी मांडायला एक मोठी वही, एक माणूस आणि अधिष्ठात्यांची मान्यता पुरेशी आहे, आणि पहिला पीजी विद्यार्थी येण्याआधीच ती सुरू करता येते.